तळ्याकाठी सोसायटी

भंडारदऱ्याला तळ्याकाठी तंबूत मुक्काम करायचा हा ठराव आमच्या सोसायटीत एकमताने मंजूर झाला, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर आमचं एकमत व्हायला तीन पावसाळे जावे लागतात.

शिवाय ठाणेकराला तळ्याचं एवढं काय अप्रूप? मासुंदा आहे, कचराळी आहे, रायलादेवी आहे. डोंगराखालचंच तळं हवं तर उपवन आहे. मागे येऊरचा डोंगर, त्यापलीकडे अख्खं राष्ट्रीय उद्यान, आणि काठावर भेळ. हा मुद्दा मी सभेत मांडला. इतिवृत्तात त्याची नोंद झालेली नाही.

सगळ्यांना ओढ होती ती काजव्यांची. मे संपता संपता, मृगाचा पाऊस लागायच्या आधी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात झाडंच्या झाडं लखलखतात. सहाला निघायची बस माजिवड्याहून हलली आठला. भिवंडी बायपासच्या कोंडीत अर्धे थेपले संपले, शहापूरला वडापाव झाले आणि कसारा घाटात सातव्या मजल्यावरच्या वहिनींनी ‘जड व्हायला नको’ म्हणून साबुदाण्याची खिचडी काढली. घोटीला उजवीकडे वळल्यावर थोड्याच वेळात कळसूबाई दिसू लागलं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बी-विंगचे काका खिडकीतून त्याच्याकडे बघून म्हणाले, “उद्या नाश्त्याच्या आधी जाऊन येऊ.” पुढच्या पायरीला पाय नीट पोचेना म्हणून या काकांना बसमधून उतरवायला दोघे लागले होते.

वनखात्याच्या नाक्यावर पावत्या फाडून आम्ही पोचलो, आणि तळंच नव्हतं. म्हणजे होतं, पण लांब. ‘तळ्याला लागून तंबू’ म्हणून पैसे भरलेले, आणि तंबूपासून पाण्यापर्यंत नुसती भेगाळलेली जमीन. सेक्रेटरींनी तंबूवाल्या मामांना जाब विचारला. मामा शांतपणे म्हणाले, “साहेब, उन्हाळ्याचं आवर्तन सुटलंय. पाणी खाली उसाला गेलं.” भंडारदऱ्याचं हे विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं, तेव्हापासून प्रवरेचं हे पाणी कालव्यांनी खालच्या शेतांत जातंय. ते काही ठाण्याहून आलेल्या बसची वाट बघत थांबणार नव्हतं. तेवढ्यात चहा आला. चांगला गोड होता. म्हटलं, तळं बघायचं राहिलं तरी प्यायला मिळालं.

मग तंबूंचं वाटप. पार्किंगसारखी सोडत काढली. तरी दोन कुटुंबांना एकमेकांशेजारी नको होतं, त्याची कारणं २०१९ च्या पाणीगळतीत आहेत. आमच्या तंबूत मी, खजिनदार, बी-विंगचे काका आणि झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावायची त्यांची सीपॅप मशीन. मशीनला वीज नव्हती. जमिनीला उतार होता, तोही नेमका दक्षिणेकडे. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, यावर काका ठाम. त्यामुळे पाय वर आणि डोकी खाली, अशी आमची व्यवस्था ठरली.

जेवण झकास होतं, त्याबद्दल एक अक्षर वावगं लिहिणार नाही. मामींनी चुलीवर तांदळाची भाकरी थापली, पाट्यावर वाटलेला ठेचा आणि पिठलं. पण आमच्यातल्या तिघांनी पिठल्याला जैन पर्याय विचारला आणि एका चिरंजीवांना नूडल्स हव्या होत्या.

अंधार पडल्यावर मामा आम्हाला झाडांकडे घेऊन गेले. नर चमकून मादीला साद घालतो, ती खालून चमकून जबाब देते, आणि हे सगळं त्यांना पाऊस जोर धरायच्या आत उरकायचं असतं. त्या नाजूक बोलाचालीत आमच्या पंचवीस बॅटऱ्या घुसल्या. मामा आधी विनवत होते, मग करवादले. “बॅटऱ्या बंद करा की! काजवं बुजत्यात.” शेवटी एकेक बॅटरी विझली. समोरचा सादडा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकदम उजळला, एकदम विझला, पुन्हा उजळला. कुणी काही बोलेना. आमच्या सोसायटीच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं.

“गणपतीला अशीच लायटिंग करू या,” सेक्रेटरी म्हणाले.

मी सांगितलं, हा थंड प्रकाश असतो, यात उष्णता जवळजवळ नसतेच. खजिनदार गंभीर झाले. “म्हणजे बिल काहीच नाही?”

फोटो सगळ्यांनी काढले. ग्रुपवर सत्तरेक काळे चौकोन आले, आणि प्रत्येकाखाली कुणीतरी ‘अप्रतिम’ लिहिलं.

रात्रीबद्दल थोडक्यात सांगतो. आम्ही तिघेही घसरत घसरत तंबूच्या तळाला जमा झालो आणि माझं टक्कल कापडाला टेकलं. मध्यरात्री पलीकडून काहीतरी ओलं, गार त्या टकलाला लागलं. मग हुंगण्याचा आवाज. काकांनी “बिबट्या!” म्हणून जी आरोळी ठोकली, तिने सगळे तंबू जागे झाले. अभयारण्यात बिबटे आहेत, हे खरं. काका दाराकडे झेपावले, चेन अर्ध्यावर अडकली, त्यांनी ती ओढली आणि कापड टरकन फाटलं. बाहेर मामांनी नुसतं “हाड!” म्हटलं. बिबट्या शेपूट हलवत सातव्या मजल्यावरच्या वहिनींच्या तंबूकडे गेला. उरलेले थेपले तिथेच होते.

सकाळी कळसूबाईचा विषय कुणी काढला नाही. काकांना मान वळवता येत नव्हती, त्यामुळे ते समोर येईल तेवढंच बघत होते.

खरा मुक्काम सुरू झाला तो ठाण्याला परतल्यावर. हिशेबात फाटलेल्या तंबूची रक्कम सर्वांवर सारखी वाटायची की फक्त आमच्या तंबूवर, यावर ग्रुप तापला. काकांचं म्हणणं, आरोळी सर्वांच्या सुरक्षेसाठी होती, तेव्हा खर्च सिंकिंग फंडातून जावा. वहिनींनी कुत्र्याने खाल्लेल्या थेपल्यांचं वेगळं पत्र दिलंय. विशेष सर्वसाधारण सभा येत्या रविवारी दहा वाजता आहे. मी सेक्रेटरींना कळवलंय की मी त्या दिवशी उपवनला असेन.