हक्कसोडीची सही

गेल्या महिन्यात मामेबहिणीचा फोन आला. मामा गेले. सातबाऱ्यावर वारसांची नावं लागायची आहेत आणि भावांनी तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलंय. "सही नाही केली तर माहेर तुटेल गं," ती म्हणाली. जमिनीबद्दल चकार शब्द नाही.

न्यू जर्सीतल्या ज्या होबोकनमध्ये मी राहते, तिथेच शंभरेक वर्षांपूर्वी हेटी ग्रीन भाड्याच्या साध्या घरात राहायची. तेव्हाची अमेरिकेतली सगळ्यात श्रीमंत बाई. १८३४ साली न्यू बेडफर्डला, व्हेलच्या तेलाचा व्यापार करणाऱ्या घरात जन्मली. आजोबांना वर्तमानपत्रातले बाजारभाव वाचून दाखवता दाखवता धंदा शिकली. १८६५ मध्ये वडील वारले, पण इस्टेटीचा मोठा भाग त्यांनी विश्वस्तांच्या हाती ठेवला होता. पुढे १८६७ साली लग्न करताना 'माझ्या पैशावर तुझा हक्क नाही' हे तिने नवऱ्याकडून आधीच कबूल करून घेतलं.

यादवी युद्धानंतर सरकारी कागदी नोटांवर लोकांचा भरवसा उरला नव्हता, तेव्हा तिने त्या स्वस्तात घेतल्या. बाजार तेजीत असताना ती रोकड जमवायची आणि पडला की घ्यायची. १९०७ साली बँका बुडतील या भीतीने बाजारात घबराट उडाली, तेव्हा तिने न्यूयॉर्क शहरालाच ११ लाख डॉलर कर्ज दिले. १९१६ मध्ये गेली तेव्हा मागे सुमारे १० कोटी डॉलर होते. देशभरातल्या बायकांना मतदानाचा हक्क मिळाला १९२० मध्ये!

आणि लोकांनी तिला नाव काय ठेवलं? वॉल स्ट्रीटची चेटकीण. तिच्याच काळातला न्यूयॉर्कचा धनाढ्य गुंतवणूकदार रसेल सेजही चिक्कू म्हणून प्रसिद्ध होता, पण त्याला कुणी चेटक्या म्हटलं नाही. आपल्याकडे हिस्सा मागणाऱ्या बहिणीला 'हावरी' म्हणतात, ते याहून वेगळं नाही.

इथल्या मराठी मंडळींत विषय निघाला की "आपल्याकडे बायकांना कुठे काय मिळतं" हे ठरलेलं वाक्य येतं. मला ते पटत नाही. अमेरिकेत कर्ज देताना बाई म्हणून भेदभाव करायला बंदी आली ती १९७४ मध्ये. इथले आईबाप मृत्युपत्रातून सज्ञान मुलीला सरळ वगळू शकतात. महाराष्ट्राने मात्र १९९४ मध्येच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः वाटा दिला, केंद्राने २००५ मध्ये. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलं, की २००५ मध्ये वडील हयात नसले तरी हक्क राहतो. एवढा हक्क हाती असताना आपण तो भाऊबीजेच्या ओवाळणीवर सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं. बहिणीला मनापासून द्यायचं असेल तर तिने खुशाल द्यावं. पण आधी नाव लागू दे, जमीन किती, भाव काय ते कळू दे. एकदा नोंदणी झालेली हक्कसोड फिरवणं महाकठीण.

हे सगळं मी तिला सांगितलं. तिने अजून सही केलेली नाही. परवा मामेभावाचा फोन आला, "ताई, तू तिला काय शिकवलंस?" मी म्हटलं, "तिचं नाव लाव, आणि दिवाळीला नेहमीसारखं घरी बोलाव."