डीड एकदा झालं की झालं? नाही ना भाऊ

आपल्या वाळूज एमआयडीसीच्या मालक लोकांच्या ग्रुपात परवापासून एक मेसेज फिरायलाय. "ग्रॅच्युइटीचं ट्रस्ट डीड एकदा केलं की झालं, कायदा बदलला तर आपोआप लागू होतो, कागदाला हात लावायचं काम नाही, कन्सल्टंट उगं पैसे काढायलेत." डीड म्हणजे, कामगार नोकरी सोडताना द्यायच्या एकरकमी पैशांसाठी, म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी, मालक जो ट्रस्ट काढतो त्याचा करारकागद. आता पेरोलचं काम मीच करतो, म्हणजे पैसे काढणारा मीच समजा.

"आपोआप लागू" हे कामगारापुरतं खरंय. ग्रॅच्युइटीची कायद्यातली मर्यादा 2010 ला साडेतीन लाखांची 10 लाख झाली, 2018 ला 20 लाख, डीडात काही का लिहिलेलं असंना, त्याचे पैसे द्यावेच लागतात. पण ट्रस्ट पैसे सोडतो ते डीड नि फंडाचे नियम, म्हणजे रूल, बघून. एका कारखान्यात असंच झालं, माणूस 30 वर्षं कामाला, बेसिक अन् डीए (महागाई भत्ता) मिळून 26,000, म्हणजे 26 चा महिना धरून 15 दिवसांचे 15,000, गुणिले 30, साडेचार लाख झाले. डीडात मर्यादा तीच जुनी साडेतीन लाखांची! वरचे एक लाख मालकानं चालू खात्यातून भरले, अन् तिकडं ट्रस्टात पैसे पडून.

ट्रस्टाचा फंड सांभाळणारी "विमा कंपनी बघून घेईल" म्हणे. ते तुम्ही दिलेल्या रूलवर अन् तुम्ही पाठवलेल्या पगाराच्या आकड्यावर चालतात हो. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, भत्ते एकूण पगाराच्या 50 टक्क्यांवर गेले की वरचा भाग वेतनातच धरायचा. आपल्याकडं बेसिक 30 टक्के अन् बाकी सगळे भत्ते अशा स्लिपा किती जणांच्या आहेत ते सांगायला नको, अन् रूलात अजून "बेसिक अधिक डीए" एवढंच लिहिलेलं, मग फंड कमी पडणार नाही तर काय होणार?

"फिक्स टर्मवाल्याला 5 वर्षं लागतात", म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावरच्याला ग्रॅच्युइटी मिळायला, तर आता एकच वर्ष. "माणसं दहाच्या खाली आली की सुटलो", नाही, ग्रॅच्युइटीचा कायदा एकदा लागू झाला की राहतो.

मेसेजात एक गोष्ट बरोबर, नवा ट्रस्ट काढायची गरज नाही. ट्रस्टींचा ठराव, दुरुस्तीचं डीड, अन् आयकर खात्याला पत्र. हे शेवटचं लोक हमखास विसरतात, अन् बदल कळवला नाही तर फंडाची मान्यताच गेली असं धरता येतं. त्या कारखान्यानं डीड दुरुस्त केलं बरं का, पत्राची पोच मात्र फायलीत अजून नाही, विचारलं की "सोमवारी बघू".