91.40 ला काय मिळेल, हे मला विचारू नका

दहावीचा निकाल लागल्यापासून बिल्डिंगमध्ये, लोकलमध्ये, आत्याच्या फोनवर एकच प्रश्न, "मग, अकरावीला कुठलं कॉलेज, रुईया की रुपारेल?" अहो काकू, मला कसं कळणार!

बेस्ट ऑफ फाइव्हने, म्हणजे सर्वात जास्त मार्कांचे पाच विषय धरून, 500 पैकी 457 आले, 91.40 टक्के. मी खरंच खूप अभ्यास केला होता. आणि आता प्रत्येक जण गेल्या वर्षीचा कटऑफ तोंडावर फेकतो. कटऑफ म्हणजे काय आधीच ठरवलेली रेषा आहे का? कॉलेजच्या प्रवेश यादीत शेवटच्या मुलाला किती होते, एवढंच ते. यंदा पेपर सोपा गेला, की तोच आकडा वर सरकतो. शिवाय सगळ्या जागा खुल्या नसतात. अल्पसंख्याक कॉलेजात निम्म्या जागा त्या समाजाच्या मुलांसाठी, वर इनहाउस (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी) आणि मॅनेजमेंट (संस्थेने स्वतः भरायच्या) जागा, आणि बाकीच्या कॉलेजांत आरक्षण. हे सगळं वजा करून बघा, मग सांगा "91 म्हणजे कुठेही मिळेल"!

सर्वात जास्त चीड येते ती "पहिल्या पसंतीला मोठं नाव टाक, बघू" या सल्ल्याची. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये दहा कॉलेजांचा क्रम लावताना माझी रात्र जाते. पहिली पसंती मिळाली तर तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. मुलुंडहून रोज चर्चगेटला जायचं की नाही, प्रॅक्टिकल संपवून घरी किती वाजता पोचणार, हे कोणी विचारत नाही.

आई मात्र शेजारी बसून यादी वाचते. "तुला कुठे शिकायला आवडेल?" एवढंच विचारते.