डुक्करखत: ब्राबांटची वाळू आणि गोव्याची तांबडी माती

गोव्यात डुक्करखताचा विषय निघाला की दोन सूर हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, ही घाण शेतात नकोच. दुसरा हॉलंडचे व्हिडिओ दाखवतो: टँकरमागच्या पोलादी चकत्या कुरणात बोटभर खोल चिरा पाडत जातात, मागच्या नळ्यांतून काळपट पातळ मळी, म्हणजे डुकरांच्या विष्ठा-मूत्राचा काला, त्या चिरांत पडते. आपल्याकडे असे का नाही, असा त्याचा प्रश्न. मी राहतो तो हॉलंडमधला ब्राबांट प्रांत डुक्करपालनासाठीच ओळखला जातो. मला दोन्ही सूर पटत नाहीत आणि दुसरा जास्त धोक्याचा वाटतो.

इथे मळी चिरांत सोडतात ती अमोनिया हवेत उडू नये म्हणून. जनावरे फार आणि जमीन थोडी, हे इथले मूळ दुखणे. युरोपच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशाप्रमाणे जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलो नत्र (नायट्रोजन), ही मर्यादा. मांसासाठी वाढवलेल्या डुकराच्या गोठ्यातल्या एका जागेमागे (तिथे वर्षभर एकामागून एक डुकरे वाढतात) वर्षाला दहा-बारा किलो नत्र निघते. म्हणजे हेक्टरी पंधराएक डुकरांतच मर्यादा संपली. उरलेली मळी पदरचे पैसे देऊन दुसऱ्याच्या शेतात पाठवायची. २०१९ मध्ये नत्राच्या परवान्यांची पद्धत मोडणारा न्यायनिवाडा आला आणि त्याच वर्षी शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगमध्ये, सरकारच्या दारात, उतरले. ही व्यवस्था अडचणीतून उभी राहिली आहे. ती आदर्श म्हणून गोव्यात आणू नये.

शिवाय माती वेगळी. ब्राबांटच्या वाळूत वर्षानुवर्षे इतकी मळी गेली आहे की बऱ्याच ठिकाणी ती स्फुरदाने (फॉस्फरसने) भरून गेली आहे. आणखी घातले तर ते पाण्यात उतरते. गोव्याची जांभ्याची माती आम्लधर्मी, सामू (पीएच) बहुधा ५ ते ५.५, लोह-ॲल्युमिनियमने भरलेली. ती स्फुरद घट्ट धरून ठेवते, पिकाला मिळू देत नाही. सेंद्रिय पदार्थाबरोबर आलेले स्फुरद तुलनेने सुटे राहते. इथे जे ओझे झाले आहे त्याची तिथे खरोखर गरज आहे, आणि म्हणूनच गोव्यात ते नाल्यात जाताना बघून जीव हळहळतो.

माडाचा हिशेब घ्या. फळत्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद, १२०० ग्रॅम पालाश (पोटॅश), ही आपल्याकडची सर्वसाधारण शिफारस. डुकराच्या ताज्या विष्ठेत ढोबळमानाने ०.६ टक्के नत्र, ०.५ टक्के स्फुरद, ०.४ टक्के पालाश. म्हणजे ५० किलोत नत्र ३०० ग्रॅम, स्फुरद २५०, पालाश फक्त २००. स्फुरदाची गरज जवळजवळ भागली, पालाश मात्र सहावा हिस्सा. नुसत्या डुक्करखतावर ठेवलेला माड हिरवागार दिसतो आणि नारळ कमी देतो, त्याचे एक मोठे कारण हे. चुलीची राख किंवा पोटॅश वेगळे घालावेच लागते.

आता पाऊस. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, म्हणजे उघड्या ढिगाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ३००० लिटर पाणी. पातळ मळी जूनमध्ये शेतात सोडली तर ती विहिरीत नाहीतर खाजनाच्या (खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतीच्या) मानशीतून, म्हणजे पाण्याच्या दारातून, नदीत जाणार, जिथे तिसऱ्या (शिंपल्या) वाढतात. म्हणून गोव्याने मळी करूच नये, सुके खत करावे. गोठ्यात फवारा मारून धुण्याऐवजी भाताचा पेंढा, पातेरा, नारळाच्या सोडणांचा भुसा अंथरावा.

ढीग छपराखालीच हवा. तीन किलो ओल्या विष्ठेला एक किलो सुका पेंढा, वजनाने; यात कर्ब-नत्राचे प्रमाण २५ ते ३० च्या आसपास येते आणि ओलही बेताची, ५५-६० टक्के राहते. मूठ दाबली की बोटांच्या फटीत ओल जाणवावी, धार लागू नये. ढीग निदान मीटरभर उंच, नाहीतर तापत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मध्यभागी लोखंडी सळई दहा मिनिटे खुपसून ठेवा; काढल्यावर हातात धरवत नसेल तर ठीक चालले आहे. ५५ अंशांवर पंधरा दिवस आणि त्यात पाच वेळा चाळवणी (ढीग उलथापालथ), एवढे झाले तर जंतांची अंडी मरतात. चाळवताना डोळ्यांना झोंबले तर नत्र उडते आहे, पेंढा वाढवा. कुजका वास आला तर हवा कमी पडते आहे. नंतर दोन महिने मुरू द्या.

कच्चे खत जमिनीला टेकणाऱ्या भाजीला काढणीपूर्वी १२० दिवसांत घालू नये, असा अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीचा नियम आहे. आपली तांबडी भाजी महिन्याभरात उपटतात, तेव्हा तिच्या वाफ्यात कच्चे खत कधीच नको. जुन्या घरांतल्या डुकरांच्या संडासाशीही याची गल्लत नको: माणसाची विष्ठा खाणाऱ्या डुकरातून फीतकृमीचे चक्र चालू राहते, तो प्रकार बंदच हवा.

कुळागरातली (घराजवळच्या पोफळीच्या बागेतली) सुपारी, केळी, पाने देवाला जातात म्हणून तिथे हे खत नको म्हणणाऱ्यांचे मला चुकीचे वाटत नाही. त्यांनी शेणखतच घालावे. पण माड, चारा आणि वायंगणी (उन्हाळी) भात यांना डुक्करखत चालते. भाताला मात्र हात आखडता ठेवा. नत्र जास्त झाले की उंच वाढणारे भात लोळते आणि करपा रोग येतो. बाजारचे खाद्य दिलेल्या डुकरांच्या खतात तांबे-जस्त असते, आणि आम्ल मातीत ते पिकात जास्त चढते. युरोपने जून २०२२ पासून पिल्लांना औषध म्हणून जस्त ऑक्साईड देणे बंद केले त्यामागे जस्त पर्यावरणात साठण्याची चिंता होती. तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी माती तपासून चुना द्यावा.

इथली एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी: तारखा. कुरणात मळी फेब्रुवारीच्या मध्यापासून, गवत वाढत असतानाच सोडता येते, हिवाळ्यात बंदी. गोव्यात ही बंदी जून ते सप्टेंबर असावी. पंचायतीने एवढे ठरवले आणि विहिरीपासून पन्नास मीटर सोडायला लावले, तर ऑक्टोबरात माडांची आळी उघडताना खत तयार असेल.