सहा आठवड्यांच्या सीबीटी सर्टिफिकेटबद्दल

आपल्या नागपूरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, की एमए सायकॉलॉजीनंतर सहा आठवड्यांचा ऑनलाइन सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) कोर्स केला की आरसीआय (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया) चा रजिस्ट्रेशन नंबर मिळते, मग सीताबर्डीत क्लिनिक टाका. नाही बाप्पा! आरसीआय 1992 च्या कायद्यानं चालते आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून त्यांच्या रजिस्टरात नाव लागायला त्यांनी मान्य केलेल्या कॉलेजातून क्लिनिकलचंच शिक्षण लागते, जसं आतापर्यंत दोन वर्षांचं एमफिल होतं, त्यात सीनियरच्या देखरेखीखाली खरे पेशंट पाहावे लागतात. सीबीटी ही थेरपीची पद्धत आहे, 1960 च्या दशकात अॅरन बेकनं काढलेली, लायसन्स नाही. शॉर्ट कोर्स करा ना, शिकायला चांगलाच आहे, पण बोर्डावर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहू नका.