आधी पंखा बंद करा

दर शनिवारी रात्री मित्रमैत्रिणींना जमवून बोर्डगेम खेळायचं तुम्ही ठरवलंत, हे ऐकून बरं वाटलं. आता ठरवलंच आहे तर नीट करा. नुसतं हसतखिदळत, कोण जिंकलं याची फिकीर न करता खेळायचं असेल तर त्यासाठी सापशिडी आहे, कपाटामागे उभा करून ठेवलेला कॅरम आहे. गेम नाइटला एक कर्ता माणूस लागतो, आणि ज्या अर्थी खेळाचा डबा तुमचा आहे त्या अर्थी तो माणूस तुम्हीच.

गल्लीत ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, आणि तो आउट झाला की खेळ संपला, हा कायदा तुम्ही लहानपणी निमूट सोसला असेल. आता वसुलीची वेळ आली आहे. चार हजार रुपये मोजून परदेशी डबा मागवायचा आणि वर आज काय खेळायचं ते इतरांना ठरवू द्यायचं, एवढे काही तुम्ही संत नाही.

सगळे जमले की पहिलं काम पंख्याचं. बंद करा. कार्डं उडतात, हे कारण कोणालाही पटतं. मे महिना असो, पाच जण एका चटईवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेले असोत, बटणाकडे हात न्यायची कोणाची टाप होत नाही. खिडकीतून झुळूक येत असेल तर खिडकीही लावून घ्या. घामाघूम झालेल्या माणसाला घरी जायची घाई असते आणि घाईत तो चुका करतो, हा वरचा फायदा.

ज्याच्या घरी बसलात त्याची आई साधारण याच वेळी भज्यांची ताटली घेऊन बाहेर येते आणि म्हणते, "पत्ते कुटून झाले असतील तर गरम गरम खाऊन घ्या रे." ताबडतोब खुलासा करा. "काकू, हे पत्ते नाहीत, ही रिसोर्स मॅनेजमेंट आहे." काकूंना त्यातलं काही कळणार नाही, बाकीच्यांनी तुम्हाला बोलताना पाहिलं, तेवढं पुरे. भज्यांवर मात्र बंदी घालू नका. खाता खाता कोणाच्या तरी बोटाची हिरवी चटणी ओअरच्या, म्हणजे खनिजाच्या, एखाद्या कार्डाच्या पाठीला लागते. ठिपका कोणाच्या लक्षात आला नसेल तर बोलू नका. पुढे कटानसारख्या खेळात चोराची सोंगटी हलवून कोणाच्या तरी हातातलं एक कार्ड ओढायची वेळ येते, तेव्हा कोणतं ओढावं हा प्रश्नच उरत नाही. आणि तेच कार्ड फिरत फिरत तुमच्या हातात आलं, की स्वच्छतेचा मुद्दा काढा आणि सगळ्या गठ्ठ्याला प्लास्टिकची कव्हरं घाला.

आता नियम सांगण्याकडे वळू. या कलेकडे लोक फार दुर्लक्ष करतात. खेळ कटान आहे असं धरा. सुरुवात खेळापासून करायची नसते, जर्मनीपासून करायची असते. क्लाउस टॉयबर नावाचा एक दंततंत्रज्ञ होता, कवळ्याबिवळ्या बनवायचा, आणि त्या कामाचा वैताग घालवायला घराच्या तळघरात खेळ रचत बसायचा. १९९५ साली त्याचा कटान बाजारात आला आणि त्याच वर्षी त्याला 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा जर्मन पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं नाव नीट उच्चारा. दुसऱ्या कोणी 'स्पील' म्हटलं तर तिथल्या तिथे अडवा. हा पुरस्कार १९७९ पासून दिला जातो, हेही सांगून टाका. एव्हाना कोणीतरी मोबाइल काढलेला असेल. त्याला तो खिशात ठेवायला लावा आणि कुठून सुटलं होतं ते आठवत नाही म्हणून पुन्हा तळघरापासून सुरू करा.

मग पटावरच्या १९ षटकोनांची ओळख करून द्या. जंगल, कुरण, शेत, टेकडी, डोंगर, एक वाळवंट. कशातून काय मिळतं, कशाला काय लागतं, बंदरावर काय दर, दोन वस्त्यांमध्ये किती अंतर, सगळं सांगा. जिंकायला १० गुण लागतात हे मात्र अगदी शेवटी, तेही कोणी विचारलं तर. कुठे जायचंय ते आधी कळलं की लोक वाटेतलं ऐकत नाहीत.

आणि एक नियम हातचा राखून ठेवा.

त्याचा उपयोग कसा करायचा ते बघा. सोलापूरहून चार दिवसांसाठी आलेली कोणाची तरी आत्तेबहीण हमखास खेळायला बसलेली असते. ती भिडू म्हणून नवी, त्यामुळे काटकसरीने जमवून जमवून नऊ कार्डं हातात धरून बसते. शहर बांधायचा बेत तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असतो. तेवढ्यात फाशांवर सात पडतो. तेव्हा शांतपणे सांगा की सात पडला आणि हातात सातपेक्षा जास्त कार्डं असली तर निम्मी परत करायची असतात. नवातली चार गेली. ती म्हणेल, "हे मघाशी नाही सांगितलंत." तुम्ही म्हणा, "सांगितलं होतं की." बाकीचे माना डोलावतील. चाळीस मिनिटांच्या त्या प्रवचनात तुम्ही काय सांगितलं आणि काय नाही, हे त्यांच्यातला एकही जण छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून तर ते चाळीस मिनिटांचं करायचं. फारच हिरमुसली तर "चल, तू लिंबूटिंबू" म्हणून तिची समजूत काढा, पण कार्डं परत देऊ नका.

फाशांबद्दलचं तुमचं मत दर दानाला बदलायला हवं. षटकोनावरचा आकडा फाशांवर पडला की त्याच्या कडेच्या वस्तीला माल मिळतो. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहांमध्ये ७ येतो, ६ आणि ८ प्रत्येकी पाचांत, २ आणि १२ एकेकातच. हे गणित तुमचा आठ पडेल तेव्हा मांडा आणि आठवर वस्ती टाकायला डोकं लागतं, असं पुढे जोडा. आठ रुसला, आणि आत्तेबहिणीने भोळेपणाने १२ वर बांधलेल्या वस्तीला लागोपाठ दोनदा दान पडलं, तर मात्र फासे तपासायला घ्या. चटई सपाट आहे का ते बघा. ती फासे मुठीत किती वेळ घोळवते त्यावर एक नियम तिथल्या तिथे तयार करा. फासा पडेल तो डाव, राजा बोलेल तो न्याय, असं आपल्याकडे म्हणतात. त्यातला पहिला भाग तुमच्या हातात नसला तरी दुसरा आहे.

देवाणघेवाणीत लोक उगीच भिडस्तपणा करतात. "कोणाकडे व्हीट आहे का? दोन शीप देतो," असं कोणी म्हणालं तर आधी त्याला सांगा की ते शीप नसून वूल आहे. त्यानंतर पटावर तुमचे सात गुण मांडलेले असताना आणि आणखी दोन गुणांची कार्डं उपडी हातात असताना, सहा गुणांवर असलेल्या बाईंकडे बोट दाखवून म्हणा, "तिला कोणी काही देऊ नका, ती जिंकतेय." आवाजात काळजी हवी. एवढ्यानेही कोणी बधला नाही तर जुनी खाती उघडा. कोथरूडहून खराडीला घर हलवलं तेव्हा लिफ्ट बंद होती आणि फ्रिज तीन मजले कोणी चढवला, आठवतंय का म्हणावं. त्या फ्रिजची किंमत आज एक व्हीट आहे. मागून घ्या.

भांडणं नकोत म्हणून कोणीतरी समजूतदार माणूस एखाद दिवशी सहकारी खेळ आणतो. बहुधा मॅट लीकॉकचा २००८ सालचा 'पँडेमिक'. सगळे भिडू एका बाजूला, चार रोग दुसऱ्या बाजूला, जिंकले तर सगळे जिंकले. दचकू नका, तुमच्यासारख्याला याहून मोकळं रान मिळायचं नाही. इथे चौघांच्या चाली एकट्याने खेळता येतात. "तू मुंबईहून चेन्नईला जा, कार्ड तिला दे, ती औषध शोधेल." कोणी आपली सोंगटी उचलायला हात पुढे केला की "थांब थांब थांब" म्हणा, तिन्ही वेळा. जिंकलात तर "मी म्हटलं नव्हतं?" आणि हरलात तर "आपण जरा घाई केली."

याला आधार हवा असेल तर सभापर्वात आहे. पैज दुर्योधनाने लावायची आणि फासे शकुनीने टाकायचे, असं ठरलं तेव्हा धर्मराजाने हरकत घेतली होती. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणं आपल्याला बरोबर वाटत नाही, असं तो म्हणाला. म्हणाला, आणि खेळायला बसला. तुमच्या चटईवर होणारी कुरकुरही याच जातीची असते. तिच्याकडे लक्ष देऊ नका, कुरकुरणारा माणूस चहा होईपर्यंत उठत नाही.

मंडळींमध्ये नवराबायको असतील तर त्यांना 'कोडनेम्स'मध्ये एका बाजूला बसवा. व्लादा ख्वातिलचा हा २०१५ चा खेळ तसा साधा. २५ शब्द मांडायचे, एकाने एक शब्द आणि एक आकडा एवढाच इशारा द्यायचा, जोडीदाराने आपल्या बाजूचे शब्द ओळखायचे, आणि त्यातल्या एका काळ्या कार्डाला बोट लागलं की डाव तिथेच गेला. नवरा म्हणतो, "महाबळेश्वर, दोन." त्याच्या डोक्यात 'बेरी' आणि 'माउंट'. बायकोला आठवतं की हॉटेलचं बुकिंग न करता याने आपल्याला महाबळेश्वरला नेलं होतं आणि रात्र गाडीत काढावी लागली होती. ती शांतपणे 'कार'वर बोट ठेवते. काळं. पुढचं तुम्हाला काही करावं लागत नाही. फक्त वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवा, म्हणजे दोघांनाही घाई होईल.

कोणी उत्साहाने मोनोपॉली घेऊन आलंच तर त्याला हसून लाजवू नका. त्याला सांगा की हा खेळ त्रास व्हावा म्हणूनच जन्माला आलाय. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ साली ज्या 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट घेतलं, तो जमीन एकाच्या घशात गेली की बाकीचे कसे भिकेला लागतात ते दाखवायला होता. पार्कर ब्रदर्सने १९३५ पासून मोनोपॉली विकायला घेतला आणि लोक घशात घालायलाच शिकले. जागा कोणी नको म्हटली तर तिचा लिलाव करायचा, हा त्यातला मूळ नियम. आपण सगळे लहानपणापासून 'नको' म्हणून फासे पुढच्याला देत आलोय. ही चूक रात्री साडेअकराला, निम्मा डाव झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आणून द्या. तोवर विकल्या न गेलेल्या प्रत्येक जागेचा मागे जाऊन लिलाव करायचा आग्रह धरा.

एवढं करूनही तुम्ही हरू शकता. मी तरी हा प्रसंग तुमच्यावर येऊ नये म्हणेन, पण आलाच तर पट उधळू नका. ती फार जुनी पद्धत झाली, शिवाय सोंगट्या सोफ्याखाली जातात आणि त्या तुमच्याच आहेत. "आज मी वेगळी स्ट्रॅटेजी करून बघत होतो," हे वाक्य पुरेसं आहे. विजेत्याचं अभिनंदन करताना "नशीबही लागतं" असं हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा. कोणी 'चिडका बिब्बा' म्हणालंच तर रविवारी सकाळी ग्रुपवर त्या सात पडलेल्या फेरीचं सविस्तर विश्लेषण टाका. उत्तर येईपर्यंत दर तासाला त्याखाली एक प्रश्नचिन्ह टाकत राहा.

काही आठवड्यांनी ग्रुपवर 'या शनिवारी जमेल असं वाटत नाही' सुरू होईल. एकाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन, एकाला ऑफिसचा कॉल, एकीची आत्तेबहीण पुन्हा आली आहे आणि तिला म्हणे कुठेतरी फिरायला न्यायचंय. पोल टाकून बघा, पर्याय तीन ठेवा, तिन्ही तुमच्याच डब्यांचे. मत एकच पडलं, आणि तेही तुमचंच, तरी खचू नका. २०१९ चा, एलिझाबेथ हारग्रेव्हचा 'विंगस्पॅन' काढा. १७० पक्षी, प्रत्येक कार्डावर वेगळं चित्र, रंगीबेरंगी अंडी, आणि मुख्य म्हणजे एकट्याने खेळायची सोय. समोर 'ऑटोमा' नावाचा कागदी भिडू असतो. त्याचं कार्ड उलटायचं आणि त्याची चाल आपणच करायची. तो पाणी मागत नाही, पंखा मागत नाही, 'हे मघाशी नाही सांगितलंत' म्हणत नाही. तुम्ही आयुष्यभर असाच भिडू शोधत होतात. त्याच्याकडूनही हरलात तर नियमपुस्तक काढून बसा, त्याने अंड्यांच्या हिशेबात कुठेतरी लबाडी केलेली असणार.