ईईजीत टोक दिसलं म्हणजे फिट? त्या फॉरवर्डला उत्तर

परवा मावसबहिणीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, मग पोरीच्या गोळ्या थांबवू का?" तिच्या मुलीला अपस्मार आहे. बऱ्याच दिवसांत फिट आलेली नाही आणि नुकताच काढलेला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, नॉर्मल आलाय. नंतर तोच मजकूर आणखी दोन-तीन ग्रुपवर फिरताना दिसला. मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, ईईजी वाचणं हे माझं रोजचं काम आहे आणि तरुण डॉक्टरांना मी ते ऑनलाइन शिकवतोही. हे वाचून गप्प बसणं मला शक्य नाही.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: न्यूरॉलॉजिस्ट आता घरबसल्या ऑनलाइन कोर्स करून मेंदूचे आलेख वाचायला शिकतात, हा पैसे उकळायचा धंदा आहे. आलेखात टोकदार लाट असली की फिट, नसली की नाही, हे कुणालाही दिसतं. शिवाय आता एआय आपोआप रिपोर्ट देतं. एकाच आलेखावर दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात, म्हणजे शास्त्रच कच्चं. म्हणून ईईजी नॉर्मल आला तर गोळ्या बंद करा आणि ऑनलाइन शिकलेल्या डॉक्टरच्या वाटेला जाऊ नका.

आधी गोळ्यांचं, कारण तिथे जिवावर बेतू शकतं. नेहमीचा ईईजी वीस-तीस मिनिटांचा असतो. त्या वेळात मेंदू शांत राहिला तर आलेखही शांत येतो, आजार गेला असा त्याचा अर्थ होत नाही. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अपस्मार असलेल्यांपैकी निम्म्याच लोकांच्या पहिल्या ईईजीत दोष सापडला. तिसऱ्या ईईजीपर्यंत हे प्रमाण ८४ टक्क्यांवर गेलं, चौथ्यापर्यंत ९२ टक्क्यांवर. म्हणजे वारंवार काढूनही काहींचा आलेख स्वच्छच राहिला. गोळ्या कधी कमी करायच्या हे फिट कशा होत्या, किती काळ आल्या नाहीत, कारण काय होतं, असं सगळं बघून ठरतं आणि मग त्या हळूहळू उतरवतात. एका दिवसात बंद केल्या तर एकामागून एक न थांबणाऱ्या फिट येण्याचा धोका असतो. बहिणीला मी तेवढंच सांगितलं: एकही गोळी चुकवू नकोस.

आता 'टोक कुणालाही दिसतं' हा मुद्दा. हो, टोक कुणालाही दिसतं. म्हणूनच तर इतक्या लोकांना नसलेला अपस्मार चिकटवला जातो. डोळ्यांची उघडझाप, जबड्याचे स्नायू, डोक्याला चिकटवलेला पण सैल झालेला इलेक्ट्रोड, हृदयाचे ठोके, सगळ्यांची टोकं आलेखावर उमटतात. झोप लागताना डोक्याच्या मध्यावर उंच टोकदार लाटा येतात. लहान मुलांत त्या इतक्या ठसठशीत असतात की नवखा डॉक्टर दचकतो. त्या पूर्णपणे नॉर्मल आहेत.

सगळ्यात जास्त फसवतात त्या कानशिलाजवळच्या, ज्यांना आम्ही विकेट लाटा म्हणतो. प्रौढ माणूस आहे, आलेख काढताना त्याला डुलकी लागली आहे. टेम्पोरल, म्हणजे कानशिलावरच्या, इलेक्ट्रोडांवर सेकंदाला सहा ते अकरा अशा वेगाने कमानीसारख्या लाटा येतात. ओळीने आल्या तर ओळखायला सोप्या. पण कधी त्यातली एकच सुटी येते, अणकुचीदार, शेजारच्या लाटांपेक्षा उंच. न शिकलेला डॉक्टर तिथेच थांबतो, 'डावीकडे शार्प वेव्ह' (टोकदार लाट) असं लिहितो आणि औषध सुरू होतं. शिकलेला डॉक्टर पानं मागेपुढे करतो आणि त्याला त्याच आकाराच्या लाटांची रांग सापडते. मग तो बघतो की त्या सुट्या लाटेच्या पाठीमागे संथ लाट नाही, खालची लय मोडलेली नाही. माँटाज, म्हणजे इलेक्ट्रोडांच्या जोड्यांची मांडणी, बदलून पुन्हा पाहतो. ती लाट निरुपद्रवी ठरते.

हे मनाला येईल तसं ठरवायचं नसतं. आंतरराष्ट्रीय क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी महासंघाच्या २०१७ च्या शब्दावलीत सहा निकष दिले आहेत: दोन किंवा तीन टप्प्यांची टोकदार लाट, भोवतालच्या लयीपेक्षा वेगळा कालावधी, असमान बाजू, मागोमाग संथ लाट, मोडलेली पार्श्वभूमीची लय आणि उगम मेंदूत असल्याचं दाखवणारी डोक्यावरची मांडणी. किमान चार जुळल्याशिवाय ती लाट अपस्माराची धरायची नाही.

आणि खरीखुरी अपस्मारासारखी लाट दिसली तरीही थांबावं लागतं. ब्रिटिश हवाई दलात विमानावरच्या कामासाठी प्रशिक्षण घेऊ पाहणाऱ्या १३,६५८ निरोगी तरुणांचे ईईजी तपासले गेले होते. १९९३ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ६९ जणांच्या आलेखात अशा निःसंशय लाटा होत्या. त्यातल्या ४३ जणांचा ५ ते २९ वर्षं पाठपुरावा झाला, आणि अपस्मार झाला एकाला. फक्त आलेख बघून निदान केलं असतं तर बाकीचे सगळे विनाकारण गोळ्या खात राहिले असते, गाडी चालवायला मुकले असते. हा एकच अभ्यास त्या फॉरवर्डचा पाया उखडायला पुरेसा आहे.

एआयबद्दल थोडक्यात. २०२३ साली स्कोर-एआय नावाची ईईजी वाचणारी प्रणाली तज्ज्ञांच्या तोडीची ठरल्याचं प्रसिद्ध झालं, आणि ते काम खरंच चांगलं आहे. पण ती शिकली तीस हजारांहून अधिक रेकॉर्डिंगवरून, आणि त्या रेकॉर्डिंगवर नोंदी केल्या होत्या प्रशिक्षित माणसांनी. रिपोर्टवर सही करणाऱ्याला तो तपासता आलाच पाहिजे.

दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही, हे खरं आहे. २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात आठ तज्ज्ञांचंही सुट्या लाटांवर बरंच दुमत झालं, संपूर्ण आलेखावर मात्र एकमत वाढलं. यावरचा उपाय म्हणजे सगळ्यांनी तेच नमुने, तेच निकष वापरून शिकणं.

आणि ते ऑनलाइन का नको? पूर्वी ज्येष्ठांच्या शेजारी बसून शिकायचो. त्यांच्याकडे जे रुग्ण आले तेवढंच दिसायचं, त्यांची चूक आपलीही व्हायची. ईईजी तर आता संगणकाच्या पडद्यावरच वाचतात. तोच आलेख दुसऱ्या खंडातल्या शिक्षकाला दाखवता येतो, तो माझी चूक त्याच लाटेवर बोट ठेवून दाखवतो. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाचे विरेपा अभ्यासक्रम असे मार्गदर्शकासह चालतात. केप टाउन विद्यापीठाचा ईईजीऑनलाइन हाही काही महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. जगात अपस्माराचे सुमारे ५ कोटी रुग्ण आहेत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्यातले जवळपास ८० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. तिथल्या कित्येक डॉक्टरांच्या शेजारी बसायला शिक्षकच नाही.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते, मनात नसलं तरी. शनिवार-रविवारी चार व्हिडिओ बघून प्रमाणपत्र घेणारेही आहेत, आणि अशांचे रिपोर्ट माझ्याकडे येतात. इलेक्ट्रोड कसा चिकटवायचा, केस बाजूला करून त्वचा कशी घासायची, हेही पडद्यावर येत नाही. ते टेक्निशियनच्या शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. डॉक्टर ऑनलाइन शिकला की नाही, हे विचारण्यात म्हणूनच अर्थ नाही. त्याने वाचलेले आलेख कुणी तपासून परत दिले होते का, एवढंच विचारा.